शुक्रवार, बाजारचा दिवस

पावणेआठला मी वाचनालयाचं कुलूप काढते तेव्हा पायरीवर चौघे बसलेले असतात. पुस्तकांशी त्यांना देणंघेणं नाही, त्यांना पेपर हवा. त्यातल्या दोघांच्या घरी तोच पेपर येतो, पण घरी त्यावर वाद घालायला कुणी नसतं. ‘पुढारी’ आधी कुणाच्या हातात, यावरून पूर्वी रोज कुरबूर व्हायची. आमच्या शिपाईमामांनी त्यावर तोड काढली. ते पानं सुटी करून वाटतात. अग्रलेखाचं पान मात्र ठरल्याप्रमाणे निवृत्त गुरुजींकडेच जातं, आणि बेळगावचा ‘तरुण भारत’ आला की त्यांना दुसरं पान लागतच नाही. सीमाभाग इथून फार लांब नाही.

आमचं तालुक्याचं गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. आजरा हे शिवाजी सावंतांचं जन्मगाव, कोवाड रणजित देसाईंचं. दोन्ही ठिकाणं आमच्यापासून एसटीच्या टप्प्यात. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, पण कोल्हापूर संस्थानाने तसा कायदा १९४५ मध्येच केला होता, देशात पहिला. आमचे अध्यक्ष प्रत्येक पाहुण्याला हे सांगतात आणि लगेच त्याला गळकं छत दाखवायला माडीवर नेतात.

सव्वाआठला फळा. दाराशेजारच्या फळ्यावर नव्याने आलेल्या पुस्तकांची नावं मी स्वतः लिहिते. आधी तिथे ‘अवश्य वाचा’, ‘संग्राह्य’, ‘वाचनीय’ असे शब्द असायचे. ते वाचून कुणी आत आल्याचं मला आठवत नाही. आता पुस्तकात काय आहे तेवढं एका ओळीत लिहिते. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुरस्काराची बातमी लावली तेव्हा कुणी विचारलं नाही. मग लिहिलं, ‘धरणात गाव गेलं. म्हैस मागे राहिली. ती आणायला माणूस परत निघाला.’ त्या आठवड्यात पुस्तक एक दिवसही कपाटात टिकलं नाही. आमच्या तालुक्यात धरणग्रस्तांच्या वसाहती आहेत, तिथल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

साडेआठपासून माडीवरची मुलं यायला लागतात. माडी म्हणजे अभ्यासिका. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. त्यांची महिन्याची फी नसती तर आमचं वीजबिल भरलं गेलं नसतं, हे उघड आहे. ती मुलं खालच्या कपाटांकडे बघत नाहीत. सकाळी मीही त्यांना अडवत नाही.

नऊ ते साडेअकरा हे शुक्रवारचे माझे खरे तास. बाजाराला वाड्यावस्त्यांवरून माणसं येतात, पिशवीत भाजीच्या आधी आमचं पुस्तक असतं, आणि साडेअकराच्या गाडीने बहुतेकांना परत जायचं असतं. एकेकाला माझ्याकडून दहा मिनिटं मिळतात. ग्रंथालयशास्त्राची पदविका घेताना आम्हाला रंगनाथन यांची १९३१ ची पाच सूत्रं शिकवली होती. त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवायला सांगतं. बाजारच्या दिवशी ते पाळावंच लागतं, नाहीतर गाडी जाते.

माझं मत असं की पुस्तक सुचवायचं ते देताना नाही, घेताना. समोरचा माणूस नवीन काय मागतो त्यावर मी फार विसंबत नाही. तो काय परत करतोय आणि कुठल्या अवस्थेत, हे बघते. एसटीचं तिकीट चाळिसाव्या पानात अडकलेलं असेल तर पुस्तक तिथेच संपलं. मग ‘कसं वाटलं?’ विचारू नये. माणसं संकोचाने ‘चांगलं आहे’ म्हणतात आणि पुन्हा तसलंच पुस्तक नशिबी येतं. पानांना हळदीचा डाग असेल तर ते स्वयंपाकघरात वाचलं गेलंय, म्हणजे तुकड्यातुकड्यांत. तिथे पाचशे पानांची कादंबरी देऊन उपयोग नाही, कथासंग्रह द्यावा. शेवटच्या पानाचा कोपरा मळलेला असेल तर पुस्तक घरातल्या तिघाचौघांनी वाचलंय, आणि पुढचं पुस्तक त्या सगळ्यांना चालेल असं शोधायला हवं. मळलेलं पुस्तक बघून मामा कपाळाला आठ्या घालतात. मला उलट नवं कोरं परत आलं की काळजी वाटते.

आज पहिला आला तो उसाच्या तोडीतून वेळ काढून. ‘छावा’ परत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सिनेमा आला तेव्हापासून सावंतांच्या या १९७९ च्या कादंबरीच्या आमच्याकडच्या सगळ्या प्रती बाहेरच आहेत. बांधणी दोनदा करून झाली.

‘‘हे झालं. आता ह्याच्या फुडचं काय हाय?’’

पुढचं असं काही नाही, पण इथेच सांधा असतो. बहुतेक ठिकाणी ‘छावा’नंतर आणखी एक जाड ऐतिहासिक कादंबरी हातात ठेवतात. विश्वास पाटलांची ‘संभाजी’ आहेच, तीही जाते. पण या माणसाने शेवटच्या शंभर पानांत पेन्सिलने तारखांखाली रेघा मारल्या होत्या. रेघा मारल्याबद्दल मी त्याला दोन शब्द सुनावले आणि वा. सी. बेंद्रे यांचं १९६० चं संभाजी चरित्र काढून दिलं. ज्या काळात नाटक-कादंबऱ्यांनी संभाजी महाराजांना बदफैली ठरवून टाकलं होतं, त्या काळात बेंद्रे वर्षानुवर्षं कागदपत्रं शोधत राहिले आणि ते चित्र त्यांनी पुसलं. त्याने पुस्तक हातात तोललं. ‘‘जड हाय की ओ.’’ मग पिशवीतली वांगी खाली घेतली आणि पुस्तक वर ठेवलं.

एका ग्रामपंचायतीच्या सदस्य असलेल्या ताई येतात. मागच्या खेपेला त्यांनी नुसतं ‘बायकांचं काहीतरी’ मागितलं होतं आणि मी कविता महाजनांची ‘ब्र’ दिली होती. आदिवासी भागात निवडून आलेल्या सरपंच बायकांचं जग आहे त्यात. आज त्यांनी पुस्तक टेबलावर जरा जोरातच ठेवलं.

‘‘मॅडम, आमच्यातलं सगळं हिला कुणी सांगितलं?’’

लेखिका आता हयात नाही, हे सांगावं लागलं. त्या बराच वेळ कपाटाशी उभ्या राहिल्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घेऊन गेल्या, माझ्या शब्दावर. नव्वद वर्षांपूर्वीचं पुस्तक म्हटल्यावर चेहरा पडला होता. मी उघडून एक पान वाचायला दिलं, त्यांनी उभ्यानेच तीन वाचली. लक्ष्मीबाईंसाठी मला आजवर वेगळी शिफारस करावी लागलेली नाही. पान उघडून दिलं की त्या आपल्या आपण पुढे नेतात.

निवृत्त एसटी कंडक्टर काका ‘वनवास’ परत करतात. आयुष्यभर बेळगावच्या फेऱ्या केलेला माणूस. प्रकाश नारायण संतांचा लंपन, त्याची ती कानडी हेल असलेली मराठी, हे त्यांना जितकं कळतं तितकं पुण्याच्या समीक्षकालाही कळत नसेल, असं माझं आपलं मत. ‘‘पोरगं कुठं गेलं फुडं?’’ एवढंच विचारलं. लंपनची आणखी तीन पुस्तकं आहेत आणि ती क्रमानेच वाचावीत, असं मी बजावलं. ‘शारदा संगीत’ दिलं.

साडेअकराला गाडी लागते आणि वाचनालय एकदम मोकळं होतं.

त्यानंतरचा दीड तास कागदांचा. नवीन पुस्तकांवर शिक्के, दाखल नोंदवहीत क्रमांक, आणि फक्त आम्हालाच ठाऊक असलेल्या ठरावीक आतल्या पानावर आणखी एक शिक्का, म्हणजे पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळतं. पाठीवर वर्गांक. मराठी कादंबरीचा ८९१.४६३, कवितेचा ८९१.४६१. वाचकांपैकी कुणी तो बघत नाही. ‘वरच्या फळीवरचं हिरवं जाड’ असं मागतात, आणि आम्हालाही ते चटकन सापडतं. अनुदान दोन हप्त्यांत येतं. त्याचे तक्ते, वार्षिक अहवाल, खर्चाच्या पावत्या, यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

एक ते चार बंद. घरी जाते, जेवते, पडते.

चारला पुन्हा उघडलं की मुलं. शाळेच्या दप्तरासकट जमिनीवर. त्यांच्यासाठी माझा एकच नियम, निवडीत बोलायचं नाही. ‘किशोर’चे जुने अंक ढिगाने ठेवलेत, बालभारती १९७१ पासून काढते ते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून पळतोय. अगदी लहानांना माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’. चित्रांवर बोट ठेवून मुलं आईआजीला नावं सांगतात, आणि वाचता न येणाऱ्या आजीही त्यात रमतात. पालक मात्र ‘इंग्लिशचं काही द्या, उपयोगाचं’ म्हणतात. देते. पण त्याबरोबर एक मराठीही चढवते, वहीत दोन्हीची नोंद.

सहानंतर दिवाळी अंकांची झुंबड. दिवाळी होऊन दोन आठवडे झालेत आणि वेगळी वर्गणी भरलेले सभासद आता हक्काने येतात. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये ही प्रथा सुरू केली, तिचा भार आमच्या टेबलावर पडतो. अंक प्रत्येकाला दोन दिवस. ‘आवाज’ची खिडकीचित्रं कापली जातात म्हणून तो मी मोजून देते आणि उघडून घेते. रहस्यकथांचा ‘धनंजय’ मागणारे वेगळे, त्यांना दुसरं काही चालत नाही. यातही मी परतीच्या वेळेस बघते, अंक कुठे उघडतो ते. एका बँकेतल्या साहेबांचा अंक नेहमी दीर्घकथेवर उघडतो, तेव्हा आज त्यांना अंकाऐवजी किरण गुरव यांची ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ देऊ केली. २०२१ चा अकादमी पुरस्कार, शीर्षककथा खेड्यातून कोल्हापुरात शिकायला आलेल्या मुलाची. साहेब म्हणाले, ‘‘वर्गणी दिवाळी अंकांची भरलीय.’’ बरोबरच होतं. दोन्ही दिली.

साडेसातच्या सुमाराला माडीवरचा एक मुलगा खाली आला. भरतीच्या परीक्षेत दुसऱ्यांदा थोडक्यात राहिला होता. निकाल दुपारी लागला, हे मला आधीच कळलं होतं. ‘‘मॅडम, काहीतरी द्या. अभ्यासाचं नको.’’ तो काही परत करत नव्हता, त्यामुळे माझं नेहमीचं शास्त्र लंगडं. धीर देणारी यशाची पुस्तकं समोरच होती, ती त्याने स्वतःच बाजूला केली. मी आनंद यादवांची ‘झोंबी’ दिली. कागलचा मुलगा, शाळेसाठी बापाशी आणि दारिद्र्याशी झुंजलेला. त्याने मागचं पुढचं चाळलं.

‘‘शेवट चांगला हाय का?’’

‘‘अजून तीन भाग आहेत,’’ मी म्हटलं. ‘‘नांगरणी, घरभिंती, काचवेल.’’

तो सभासद नव्हता. अभ्यासिकेची फी वेगळी, पुस्तकांची वेगळी. मामांनी अनामत रकमेचं पावती पुस्तक काढलं. त्याच्याकडे निम्मे पैसे होते. बाकीचे पुढच्या शुक्रवारी, अशी पावतीच्या मागे नोंद करून मी पुस्तक त्याच्या नावावर चढवलं.