धान्यस्वावलंबनाचा पाया : घरचे निवडक बियाणे

ज्या देशास अन्नासाठी परक्याकडे पाहावे लागते, त्याचे स्वातंत्र्य अपुरेच राहते. १९६५ व १९६६ या अवर्षणाच्या वर्षांत अमेरिकेतून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांवर भारताची भिस्त होती. १९६६ साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर ८ हा बुटका वाण प्रसारित केला. अशा वाणांमुळे आशियातील भाताचे उत्पादन वाढले. परंतु उत्तम बियाणे केवळ संशोधन केंद्रातच जन्मते असे नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड हे गाव आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी कै. दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल ३ या धानाच्या पिकात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या इतर धानात न मिसळता त्यांनी निराळ्या राखल्या, निराळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून नवा वाण सिद्ध केला. एका प्रसिद्ध घड्याळावरून एचएमटी हे नाव पडलेला तो बारीक तांदूळ पुढे दूरवर पोहोचला.

गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी भागातही धान हेच मुख्य पीक असून ते बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. बियाणे भेसळीचे वा पोचट निघाल्यास पऱ्हे विरळ होतात, रोवणी लांबते आणि घरची कोठी रिकामी राहते. म्हणून शेतकरी बंधूंनी पुढील दक्षता घ्यावी.

बांधीतील उत्तम भाग बियाण्यासाठी राखावा. पीक फुलोऱ्यात असताना व कापणीपूर्वी भेसळीची आणि रोगट झाडे उपटून टाकावीत. या भागाची मळणी वेगळी करावी. धान चांगले वाळवून कोरड्या जागी साठवावे. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे बुडवावे. वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत. तळाचे बियाणे स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत सुकवावे. संकरित धानाचे उत्पन्न मात्र पुन्हा बियाणे म्हणून वापरू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावी निदान एका बांधीत हा प्रयोग घडवून आणावा व कापणीच्या वेळी शेजाऱ्यांस ते पीक दाखवावे. राष्ट्राची अन्नस्वयंपूर्णता अशा एकेका बांधीतूनच उभी राहते.