आजी एसटीत का बसत नाही?

2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट आहे. तरी पुसदहून यवतमाळला लग्नाला यायला आजी नाही म्हणते. "गुडघे दुखतात गं." खरं कारण कधी कधी वेगळंच असतं: वाटेत लघवी झाली तर?

खोकताना, हसताना थेंब गळतात? मग ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेले असू शकतात. घाई लागून मोरीपर्यंतही पोचता येत नाही? मग मूत्राशय वेळेआधीच आवळतं. दोन्हींवर उपाय आहे. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये मांडलेला व्यायाम बसल्या बसल्या होतो. लघवी रोखल्यासारखे स्नायू 5 सेकंद आवळायचे, 5 सेकंद सैल सोडायचे. असं 10 वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. फरक पडायला साधारण 3 महिने लागतात.

पाणी मात्र तोडू नका. लघवी घट्ट झाली की घाई वाढते, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर माहीतच आहे! चहा कमी करा. जळजळ झाली किंवा रक्त दिसलं, तर लगेच डॉक्टरांकडे. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभाग आहे.

लाजेपायी माणसांत जाणं सुटलं की मन खचतं. त्यासाठी टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर आहे. पण आधी तुम्ही आजीजवळ बसा, हळूच विचारा. "वयच झालं" हे उत्तर मात्र ऐकून घेऊ नका.