थंड एंजिनाचा खोकला : जुनी मोटार वापरणाऱ्या बंधूंसाठी



या स्मरणिकेत भावताव, कर आणि वजनमापे यांविषयी जाणत्या मंडळींचे लेख प्रतिवर्षी येतात. माझा विषय निराळा आहे, तथापि तो आपल्या दारातलाच आहे. आपल्यापैकी पुष्कळांकडे दुसऱ्या हातची मोटार असते, आणि खर्च वाचावा म्हणून तिला मागाहून गॅसची किट बसविलेली असते. अशी मोटार पहाटे सुरू करताना गचके देते, थरथरते, मध्येच बंद पडते. आणि दहा मिनिटांनी जणू काही घडलेच नाही अशी धावू लागते. यास मिस्त्री लोक ‘मिसिंग’ म्हणतात. मी यंत्रशास्त्री नव्हे, मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा घाऊक व्यापारी आहे. परंतु या रोगाने मला पैशाहून मोठे नुकसान सोसावयास लावले, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. माझ्या वडील बंधूंच्या छातीत पहाटे दुखू लागले. दिलसुखनगरच्या घरून त्यांना घेऊन निघालो, आणि मलकपेठेच्या रेल्वे पुलाखाली, उतारावर, गाडी गचके देऊन बंद पडली. मागून आलेली मालमोटार हातभर अंतरावर थांबली. बंधू बचावले, ही दैवाची कृपा. परंतु त्या दिवशी संतापाच्या भरात मी माझ्या ड्रायव्हरवर पेट्रोल चोरून त्यात भेसळ केल्याचा आळ घेतला. नऊ वर्षांचा विश्वासू माणूस, एक शब्द न बोलता चावी ठेवून निघून गेला.

त्यानंतर एका मिस्त्रीने चारही स्पार्क प्लग बदलले, मग इग्निशन कॉइल, मग बॅटरी. दुसऱ्याने एंजिन उघडण्याचा सल्ला दिला. अठरा हजार रुपये गेले आणि खोकला तसाच राहिला.

हा रोग थंडीतच का दिसतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही; त्याची वाफ व्हावी लागते. हैदराबादेत पौषातल्या पहाटे पारा बारा-चौदा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा थंड एंजिनात पेट्रोलचा काही भाग ओलाच राहतो. म्हणून गाडीचा संगणक सुरुवातीस पेट्रोल अधिक सोडतो. किती सोडावे हे त्याला पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर सांगतो. धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सर मिश्रणाची चूक दाखवितो खरा, परंतु तो सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापल्यावाचून कामास लागत नाही. म्हणजे पहिला काही काळ संगणकाचा कारभार तपासनीसाविना, अंदाजाने चालतो. त्या अवधीत जी उणीव उघडी पडते, तीच एंजिन तापल्यावर झाकली जाते.

आता किटचा विचार करू. बहुतेक आधुनिक किटमध्ये गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि पाणी पुरेसे तापल्यावर आपोआप गॅसवर जाते. यातून चार दोष संभवतात. पहिला : पेट्रोलचे इंजेक्टर दिवसातून चारदोन मिनिटेच चालतात, त्यामुळे त्यांच्या तोंडाशी चिकटा धरतो. दुसरा : गॅस पेटविण्यास अधिक जोराची ठिणगी लागते, त्यामुळे झिजलेले प्लग आणि कमकुवत कॉइल लवकर उघडे पडतात. तिसरा : किट बसविताना इनटेक मॅनिफोल्डला प्रत्येक सिलिंडरपाशी भोक पाडून नळी बसवितात, ती सैल झाली की तेथून वाटेतली हवा आत शिरते. चौथा : गॅसचा इंजेक्टर पुरता मिटत नसेल, तर रात्री गॅस झिरपून साचतो आणि सकाळी मिश्रण बिघडते.

यात आता पेट्रोलची भर पडली आहे. २०२५ पासून देशात सर्वत्र वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. हे इथेनॉल उसाबरोबरच मका आणि तुकडा तांदूळ यांपासूनही होते, म्हणजे आपल्याच धंद्यातील माल! एक किलो पेट्रोल जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ किलोच पुरते. यास्तव जुन्या हिशेबाने चालणाऱ्या गाडीत थंडपणी मिश्रण थोडे पातळ पडते. निरोगी एंजिन हे सोसते; आधीच हवा गळणारे सोसत नाही.

अखेरीस सरूरनगरच्या एका वृद्ध मिस्त्रीने मला पहिला शहाणपणाचा शब्द सांगितला : “गाडी रात्रभर येथेच ठेवा, मी सकाळी येईपर्यंत कोणी चावी लावू नका.” आपण पोत्यात सळई घालून नमुना काढल्यावाचून भाव करीत नाही, तसाच हा नमुना. थंडीचा रोग थंड गाडीतच पाहावा. तापलेली गाडी गॅरेजात नेऊन दाखविणे व्यर्थ होय.

त्याने केलेल्या तपासणीचा क्रम येथे देतो.

१. चावी फिरवून, एंजिन सुरू न करता, त्याने संगणकात साठलेले दोषांक वाचले आणि ते न पुसता टिपून घेतले. पी ०३०० म्हणजे अनिश्चित सिलिंडरांत मिसिंग. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरात. आमचा अंक पी ०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर.

२. त्याच वेळी पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान ताडून पाहिले. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखी असली पाहिजेत. मोठा फरक असेल तर सेन्सर खोटे बोलतो असे समजावे. आमचा सेन्सर खरा निघाला.

३. गाडी सुरू करून एकेका पेट्रोल इंजेक्टरची विजेची जोडणी काढली. जी काढल्यावर एंजिन आणखी अडखळते, तो सिलिंडर कामाचा. जी काढून फरक पडत नाही, तो कामचुकार. तिसऱ्याने फरक पडला नाही. (प्लगची चालू तार हाताने ओढण्याची जुनी रीत टाळावी, तिने झटका बसतो आणि न जळलेले पेट्रोल धुराड्यातील शुद्धिकारक यंत्र जाळते.)

४. तिसऱ्याची कॉइल आणि प्लग पहिल्यावर, पहिल्याचे तिसऱ्यावर घातले, आणि पुन्हा एक रात्र थांबला. दोष सामानाबरोबर सरकला असता तर सामान दोषी. तो तिसऱ्यातच राहिला. म्हणजे माझे पूर्वीचे सारे सामान व्यर्थच बदलले गेले होते!

५. त्या रात्री गॅसच्या टाकीची झडप बंद करून ठेवली होती. सकाळी सुधारणा नाही. म्हणजे गॅस झिरपत नव्हता.

६. शेवटी हवेच्या मार्गात मंद दाबाने धूर सोडला. तिसऱ्या सिलिंडरजवळील किटच्या नळीच्या बुडातून उदबत्तीसारखी बारीक रेघ वर आली.

नळीचे बूड सैल झाले होते. थंड धातू आकसला की फट उघडे, तापला की मिटे. ते नव्याने बसविण्यास चारशे रुपये लागले. येथेही दोष सापडला नसता तर कॉम्प्रेशन, व्हॉल्व्हचे अंतर आणि पाणी कमी होते काय, हे पाहण्याचा त्याचा बेत होता. एंजिन उघडणे सर्वांत शेवटी.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. किटची नोंद नोंदणीपुस्तकात आणि विमापत्रात आहे काय, आणि सी.एन.जी. टाकीची दर तीन वर्षांची दाबपरीक्षा झाली आहे काय. सुमारे २०० बार दाबाची वस्तू मुलाबाळांच्या पाठीशी असते, हे विसरू नये. आणि सौदा नेहमी सकाळी, विक्रेत्याने गाडी तापविण्यापूर्वी करावा.

आता राहिली माझ्या नुकसानीची गोष्ट. हिशेब मांडताना मला आठवले की त्या ड्रायव्हरने पुलाखालच्या प्रसंगाआधी महिनाभर मला दोनदा सांगितले होते, “सेठ, गरम हुई तो बराबर चलती, ठंडी में इच अटकती.” संपूर्ण निदान त्या एका वाक्यात होते. मी ते ऐकले नाही, आणि उलट त्यालाच चोर ठरविले. मी त्याच्या घरी गेलो आणि हात जोडून मिच्छामि दुक्कडं म्हटले. त्याने चहा दिला, बंधूंची प्रकृती विचारली. परंतु तोवर त्याला दुसरीकडे नोकरी लागली होती, आणि तो परत आला नाही.

नळी चारशे रुपयांत बसली. माणसावर घेतलेला आळ कोणत्याही गॅरेजात दुरुस्त होत नाही. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.