हेलिकॉप्टर स्कीइंग

हेलिकॉप्टर स्कीइंग : हेलिकॉप्टरने दुर्गम पर्वतमाथ्यावर उतरून, तेथून नैसर्गिक हिमाच्छादित उतारांवरून स्कींच्या साहाय्याने घसरत खाली येण्याचा एक साहसी क्रीडाप्रकार. नेहमीच्या स्कीइंग केंद्रांत वर जाण्यासाठी रज्जुमार्ग असतात, यंत्राने दाबून सारखे केलेले मार्ग असतात आणि हिमलोटांचा धोका शक्य तेवढा आधीच दूर केलेला असतो. या प्रकारात यांपैकी काहीही नसते. कोणाचाही माग न उमटलेले ताजे, भुसभुशीत हिम हेच त्याचे मुख्य आकर्षण होय.

या खेळाला व्यावसायिक स्वरूप कॅनडात आले. मूळचा ऑस्ट्रियन गिर्यारोहक व मार्गदर्शक हान्स ग्मोझर (१९३२–२००६) याने १९६५ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील बगाबू पर्वतभागात त्याची सुरुवात केली. प्रारंभीचे हेलिकॉप्टर एका वेळी दोघांनाच नेत असे. पुढे अधिक शक्तिमान हेलिकॉप्टरे आल्यावर एका मार्गदर्शकासह दहा-अकरा जणांचा गट नेणे शक्य झाले. रुंद स्कींमुळे खोल हिमातून घसरणेही सुकर झाले.

पायी चढणाऱ्या गिर्यारोहकाला वाटेतच हिमाची जडणघडण कळत जाते. हेलिकॉप्टरने माथ्यावर उतरणाऱ्यास हे ज्ञान मिळत नाही. त्यामुळे मार्गदर्शकाच्या निर्णयाला येथे विशेष महत्त्व असते. मुख्य धोका हिमलोटाचा असतो. थंड, निरभ्र रात्री हिमाच्या पृष्ठावर नाजूक स्फटिक तयार होतात व नंतरच्या हिमवृष्टीखाली गाडले जातात. स्कीपटूच्या भाराने हा कमकुवत थर मोडला, की वरचा थर लादीप्रमाणे सुटून घसरू लागतो. सुमारे ३०° ते ४५° चे उतार या दृष्टीने सर्वाधिक धोक्याचे असतात; स्कीइंगलाही नेमके असेच उतार आवडीचे असतात. मार्च १९९१ मध्ये बगाबू भागातच हिमलोटाखाली सापडून नऊ स्कीपटू मृत्युमुखी पडले.

कॅनडात रूढ झालेल्या पद्धतीनुसार मार्गदर्शक रोज सकाळी हवामान व हिमथरांचा विचार करून प्रत्येक उतार खुला की बंद हे ठरवितात. एकाही मार्गदर्शकाचा आक्षेप असेल, तर तो उतार वर्ज्य मानतात. प्रत्येक स्कीपटूजवळ ४५७ किलोहर्ट्‌झ कंप्रतेवर संकेत पाठविणारे व ग्रहण करणारे रेडिओ उपकरण, शोधकाठी व फावडे असते. गाडल्या गेलेल्या व्यक्तीच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. म्हणून बाहेरची मदत येण्यापूर्वी सोबत्यांनीच शोध घेणे आवश्यक असते.

हेलिकॉप्टरचा आवाज, वन्य प्राण्यांना होणारा उपद्रव व इंधनाचा वापर यांमुळे या खेळावर आक्षेपही घेतले जातात. फ्रान्सने १९८५ च्या पर्वतविषयक कायद्याने मनोरंजनासाठी डोंगरावर प्रवासी उतरविण्यास बंदी घातली. स्वित्झर्लंडमध्ये ठराविक जागांवरच हेलिकॉप्टर उतरविता येते. कॅनडाखेरीज अलास्का, न्यूझीलंड इ. ठिकाणी हा खेळ चालतो. भारतात हिमाचल प्रदेशातील मनालीच्या परिसरात व काश्मीरमधील गुलमर्ग येथे त्याचे उपक्रम झाले आहेत.