अंगठा गेला, हक्क जाऊ देऊ नका

१९९४ साली आमच्या वडिलांच्या उजव्या हाताचा अंगठा प्रेस मशीनमध्ये गेला. आम्ही तेव्हा नववीत होतो. कारखान्याच्या माणसांनी त्यांना जवळच्या खाजगी डॉक्टरकडे नेऊन पट्टी बांधली. पंधरा दिवसांनी मालकाने केबिनमध्ये बोलावले, पाच हजार रुपये दिले आणि एक छापील कागद पुढे केला. वडिलांना सही करता येत होती, पण हात बांधलेला. मग डाव्या हाताचा अंगठा उठवून घेतला. 'माझी काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही,' असे त्या कागदावर होते.

पाच हजार दोन-तीन महिन्यांत संपले. मशीनवर पुन्हा घेतले नाही. आई चार घरची धुणीभांडी करू लागली. वडील २०११ साली वारले, तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेले ई.एस.आय.चे कार्ड सापडले. त्या कार्डावर आम्हा भावंडांना खोकल्याचे औषध मिळायचे, एवढेच घरात ठाऊक होते. त्याच कार्डावर वडिलांना मरेपर्यंत दरमहा पेन्शन मिळाली असती, हे आम्ही बी.कॉम. होऊन, कारकुनी करता करता कायद्याची पुस्तके चाळू लागलो तेव्हा कळले. फार उशिरा कळले. म्हणून हा लेख.

कार्ड म्हणजे नुसते औषध नव्हे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४३ साली, प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. १९४४ साली अहवाल आला आणि त्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. तेव्हा पगारातून ई.एस.आय. कापली जाते ती आपल्यावर लादलेली वजावट आहे, असे कोणी समजू नये. आज कामगाराचे पाऊण टक्का जातात आणि मालकाला सव्वातीन टक्के भरावे लागतात.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्या आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ही योजना लागू आहे. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे. कामावर अपघात झाला तर काय मिळते ते पाहा.

पहिले, उपचार चालू असून कामावर जाता येत नाही तोवर सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते. कालच कामाला लागलेल्यालाही हा हक्क आहे. किती महिने वर्गणी भरली, हे अपघाताच्या बाबतीत बघत नाहीत.

दुसरे, जखम बरी झाली पण अवयव गेला किंवा निकामी झाला, तर मेडिकल बोर्ड कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवते आणि त्या प्रमाणात जन्मभर पेन्शन मिळते. कायद्याच्या परिशिष्टात अवयवांची टक्केवारी दिलेली आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के, एक डोळा गेला व दुसरा चांगला असेल तर ४० टक्के. हिशोब समजावा म्हणून सांगतो. रोजची सरासरी ५०० रुपये धरली, तर तिचे ९० टक्के म्हणजे ४५० रुपये. त्याचे ५० टक्के म्हणजे रोजचे २२५, महिन्याचे ६,७५० रुपये. दुसरीकडे नोकरी लागली तरी ही पेन्शन बंद होत नाही.

तिसरे, अपघातात माणूसच गेला तर विधवा पत्नी, मुले आणि इतर पात्र आश्रितांना दरमहा पेन्शन मिळते. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, २०१० च्या दुरुस्तीपासून कामावरचाच धरला जातो.

मालकाने कापलेले पैसे भरलेच नसतील तर? तरीही कामगाराचा हक्क बुडत नाही. ती वसुली मालकाकडून करणे हे महामंडळाचे काम आहे.

ई.एस.आय. नसेल तर

ज्यांना ही योजना लागू नाही, त्यांच्यासाठी नुकसानभरपाईचा कायदा आहे. तो १९२३ पासून चालत आला. (एकाच अपघाताची दोन्हींकडून रक्कम मिळत नाही.) कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर पगाराच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. हिशोबासाठी महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरावा, असे २०२० साली ठरले. चाळीस वर्षांच्या माणसाचा आकडा १८४.१७ आहे. म्हणजे ९,००० गुणिले १८४.१७, झाले १६,५७,५३० रुपये. अंगठा गेला असेल तर त्याचे ३० टक्के, म्हणजे ४,९७,२५९ रुपये. आता हा आकडा आणि मालकाने हातावर ठेवलेले पाच-दहा हजार, वाचकांनीच शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

ठेकेदाराकडे कामाला असाल तर 'ठेकेदाराला विचार' म्हणून मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्द ठरतो. आमच्या वडिलांच्या अंगठ्याखालच्या त्या कागदाला कवडीचीही किंमत नव्हती. पण हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या एका कायद्यात आले आहेत. 'तो कायदाच आता रद्द झाला' असे कोणी सांगितले तर घाबरू नका. कायद्याचे नाव बदलले, हक्क संपलेला नाही.

फंडाची पेन्शन आणि इतर आधार

ज्यांचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो, त्यांच्यासाठी १९९५ ची पेन्शन योजना आहे. एरवी तिच्या पेन्शनला दहा वर्षे नोकरी लागते. पण नोकरीत असताना कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पेन्शन मिळते. १० डी नंबरचा फॉर्म भरावा लागतो व वैद्यकीय तपासणी होते.

गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरणारे आपलेच बांधव जास्त आहेत, हे काय सांगायला हवे? सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी आदेश दिला की, अशा कामात मृत्यू झाल्यास ३० लाख, कायमचे अपंगत्व येऊन माणूस कमाईला मुकल्यास किमान २० लाख आणि इतर अपंगत्व आल्यास किमान १० लाख रुपये द्यावेत. सरकारी किंवा नगरपालिकेच्या नोकरीत असताना अपंगत्व आले तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने कामावरून काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही. झेपेल अशा पदावर त्याच पगारात ठेवावे लागते.

अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी रुग्णालयातून दिव्यांगाचा दाखला व कार्ड काढून घ्यावे. पण ई.एस.आय. बोर्डाचे टक्के वेगळे आणि या दाखल्याचे टक्के वेगळे, हे ध्यानात ठेवावे. घरात कमाईच उरली नसेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावा. दिव्यांगांसाठी तिची रक्कम दरमहा २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२५ साली घेतला.

अपघात झाला त्या दिवशी

अपघात नोंदवहीत त्याच दिवशी नोंद झाली पाहिजे. तारीख, वेळ, मशीन आणि पाहणाऱ्या दोघांची नावे लिहून घ्या. खाजगी डॉक्टरकडे नेले तर 'घरी पडला' असे केसपेपरवर लिहू देऊ नका, कामावर अपघात झाला असेच लिहायला लावा. केसपेपर, पगाराची चिठ्ठी, हजेरीचा पुरावा एका पिशवीत ठेवा. मालक अपघाताचा रिपोर्ट पाठवत नसेल तर स्वतः शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. उपचार संपले की मेडिकल बोर्डासाठी अर्ज करायला विसरू नका. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. टक्के कमी दिले असे वाटले तर अपील करता येते.

गेल्या वर्षी रविवारच्या वंदनेनंतर आमच्या गल्लीतली एक ताई विहाराच्या पायरीवर थांबली होती. हातात स्टॅम्पपेपर. नवऱ्याची चार बोटे मशीनने नेली होती आणि मालक वीस हजार देऊन सही मागत होता. 'भाऊ, सही करू का? घरात दाणा नाही,' असे ती म्हणाली. आम्ही म्हणालो, ताई, कागद परत दे आणि कार्ड घेऊन ये. तो महिना वस्तीने धान्य दिले. पुढे आठ-नऊ खेपा झाल्या, बोर्डापुढे दोनदा उभे राहावे लागले. आज त्या घरात दरमहा पेन्शन येते. मोठी मुलगी बारावीला आहे.

त्या पायरीवर आम्हाला आमची आई आठवली. १९९४ साली तीही असाच कागद घेऊन कोणाकडे तरी गेली असती, पण जाणार कोणाकडे? आज प्रत्येक वस्तीत चार शिकलेली पोरे आहेत. त्यांनी एक रविवार काढून घरोघरची कार्डे तपासावीत. कोणाचा नंबर चालू आहे, घरच्यांची नावे चढली आहेत का, फंडाला वारस लावला आहे का, एवढे जरी पाहिले तरी पुष्कळ झाले.

आणि हा अंक वाचून झाला की आपल्या घरातली पेटीही एकदा उघडून पाहा.

जयभीम.