बाभुळगांवाहून शेफील्डला : विलायतेंतील एका वर्षाचा हिशेब

वऱ्हाडचा आणि उत्तर इंग्लंडचा संबंध नवा नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं यवतमाळ–मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची रेल्वे झाली, ती मुख्यतः कापसासाठीं. ज्या काळ्या जमिनीच्या मुलुखांत बाभुळगांव वसलें आहे, तेथील कापूस मुंबईच्या बंदरास जाई आणि तेथून मँचेस्टरच्या बाजूच्या गिरण्यांत पोंचे. त्या गिरण्या बंद पडल्या, आमची ती छोटी गाडीही थांबली. परंतु त्याच दिशेला आतां आमचीं मुलें व मुली शिक्षणासाठीं जाऊं लागलीं आहेत. हा विचार घरांत निघाला म्हणजे आनंदाच्या भरांत खर्चाचा हिशेब अर्धामुर्धा होतो आणि उरलेला पुढें कर्जाच्या हप्त्यांबरोबर करावा लागतो. तो आधींच कसा करावा, हें सांगण्यासाठीं हा लेख आम्ही लिहीत आहों.

विलायत म्हटली कीं लंडन, केंब्रिज आणि ऑक्सफर्ड एवढींच नांवें आमच्या वडील मंडळींच्या डोळ्यांपुढें येतात. १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, तेव्हांपासून तर केंब्रिजचें नांव महाराष्ट्रांत घरोघर झालें. हा अभिमान रास्तच आहे. परंतु लीड्स, शेफील्ड, मँचेस्टर, लिव्हरपूल, न्यूकॅसल या उत्तरेकडील शहरांतही जुनीं व नामांकित विद्यापीठें आहेत, आणि राहण्याच्या खर्चाच्या दृष्टीनें मध्यम स्थितींतील कुटुंबास तींच अधिक जवळचीं आहेत. यांपैकीं शेफील्ड आम्ही उदाहरणादाखल घेतों.

शेफील्ड हें पोलादाचें शहर. तेथील चाकू-कात्र्यांची ख्याति शेंकडों वर्षांची आहे. न गंजणारें पोलाद १९१३ सालीं हॅरी ब्रिअर्ली यांनीं येथेंच तयार केलें. आज आपल्या स्वयंपाकघरांत जीं स्टीलचीं भांडीं आहेत, त्यांची वंशावळ त्या प्रयोगाशीं जाऊन मिळते. शेफील्ड विद्यापीठास सनद मिळाली १९०५ सालीं. जीवशास्त्र शिकणारीं आमचीं मुलें ज्या क्रेब्स-चक्राचें पाठांतर करितात, तें हान्स क्रेब्स यांनीं १९३७ सालीं याच विद्यापीठांत उलगडलें आणि १९५३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. शेफील्ड हॅलम हें दुसरें विद्यापीठ. त्यास विद्यापीठाचा दर्जा १९९२ सालीं लाभला. गांव डोंगरउतारांवर वसलेलें आहे, आणि १९५१ सालीं स्थापन झालेल्या पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानाचा कांहीं भाग शहराच्या हद्दींतच येतो. सुटीच्या दिवशीं एक पैसा न खर्चितां हिंडावयास मोकळी जागा मिळणें, ही परगांवीं एकट्या राहणाऱ्या मुलास थोडी सोय नव्हे.

आतां पैशाकडे वळूं. परवाना देण्यापूर्वीं फीखेरीज नऊ महिन्यांचा निर्वाहखर्च विद्यार्थ्याच्या हातीं आहे कीं नाहीं, हें तेथील सरकार पाहतें. नोव्हेंबर २०२५ पासून हा आंकडा लंडनमध्यें दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड असा ठरला आहे. म्हणजे नऊ महिन्यांत ३,२२२ पौंडांचा फरक. पौंडास १२० रुपये धरले तर पावणेचार लाखांहून अधिक. लंडनबाहेर जावयाचें या एकाच निश्चयानें एवढी रक्कम वांचते. तरीही उरलेला आंकडा लहान नाहीं. नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड म्हणजे साडेबारा लाखांच्या वर. शेफील्ड विद्यापीठांत एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची फी बहुधा पंचवीस हजार पौंडांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते; म्हणजे निदान तीस लाख. हॅलममध्यें ती बरीच कमी पडते. शिवाय आरोग्यसेवेचा आकार दरसाल ७७६ पौंड आणि विमानभाडें वेगळें. ‘स्वस्त शहर’ हा शब्द कानीं पडला तर हे आंकडे शेजारीं मांडून मगच त्याचा अर्थ लावावा.

एकत्र कुटुंबांनीं येथें एक नियम विशेष ध्यानांत ठेवावा. आमच्याकडे शिक्षणाचा पैसा काका देतात, आजोबा देतात, कधीं आत्याही देते. तेथील नियमाप्रमाणें मात्र दाखवावयाची रक्कम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा त्याच्या आईवडिलांच्या खात्यांत असावी लागते, अथवा मान्य बँकेचें शैक्षणिक कर्ज असावें लागतें. काकांच्या खात्यांतील शिल्लक कितीही मोठी असो, ती धरीत नाहींत. रक्कम खात्यांत सलग अठ्ठावीस दिवस हालली नाहीं, हेंही दाखवावें लागतें. म्हणून ज्यांस मदत करावयाची आहे त्यांनीं ती वेळेवर व रीतसर मुलाच्या किंवा आईवडिलांच्या खात्यांत भरावी. आयत्या वेळीं धांवपळ करून प्रवेश हातचा घालवूं नये.

तेथें पोंचल्यावर पहिला प्रश्न बिऱ्हाडाचा. विद्यापीठाच्या वसतिगृहांत खोली घेतली तर निश्चिंती असते. पण क्रुक्स, वॉकली अशा भागांतील ओळीच्या जुन्या घरांत चार-पांच जणांनीं मिळून राहणें पुष्कळदां कमी खर्चाचें होतें. अनामत रक्कम पांच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक मागतां येत नाहीं, असा तेथें २०१९ चा कायदा आहे. घर डोळ्यांनीं पाहिल्यावांचून किंवा विद्यापीठाच्या कचेरींत विचारल्यावांचून कोणासही पैसे पाठवूं नयेत. पूर्ण वेळ शिकणाऱ्यांस तेथील घरपट्टी माफ असते. मात्र विद्यापीठाचा दाखला मागून घ्यावा लागतो.

जेवणाची चिंता घरीं आईस व आजीस जितकी वाटते, तितकी ती अवघड नाहीं. तुरीची डाळ, बेसन, कणीक, मसाले हें सारें तेथील आशियाई दुकानांत मिळतें. भाजीसाठीं मूर मार्केट ही मंडई भर गांवांत आहे. मुदत संपत आलेला माल दुकानदार संध्याकाळीं उतरत्या भावानें विकतात, हें जुने विद्यार्थी नव्यांस पहिल्याच आठवड्यांत शिकवितात. वरणभाताचा कुकर लावतां येणें, ही मुलगा असो वा मुलगी, निघण्यापूर्वींची आवश्यक विद्या समजावी.

खरी कसोटी लागते ती हिवाळ्यांत. यवतमाळकडच्या उन्हांत वाढलेल्या मुलास डिसेंबरांत दुपारीं चार वाजण्यापूर्वींच सूर्य मावळलेला पाहून मन खिन्न होतें. सकाळीं आठ वाजून गेल्यावर उजाडतें आणि आठवडेचे आठवडे ऊन पडत नाहीं. अशा वेळीं घरून आलेल्या फोनवर ‘नोकरीचें कांहीं झालें का ?’ हा पहिला प्रश्न नसावा, अशी आमची वडील मंडळींस कळकळीची विनंति आहे.

अभ्यासाची तऱ्हाही निराळी. आठवड्यांत व्याख्यानाचे तास थोडे, आणि ग्रंथालयांत स्वतः वाचावयाचें फार. दुसऱ्याचें लिखाण नांव न घेतां उतरवणें हा तेथें मोठा अपराध गणला जातो. आमच्याकडील टिपणांची संवय असलेल्यांनीं याची आधींच जाण ठेवावी. आणि गुणांविषयीं गैरसमज करूं नये. एम. ए., एम. एस्‌सी.ला पन्नास गुणांना उत्तीर्ण आणि सत्तरांना सर्वोच्च श्रेणी धरतात. मुलीस पासष्ट मिळाले असतील तर तिनें उत्तम अभ्यास केला आहे. दहावीच्या नव्वदांशीं त्यांची तुलना करून तिला हिणवूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ‘तेथें काम करून फी फेडतां येते’ असें पुष्कळ दलाल सांगतात आणि पुष्कळ घरीं तें खरें मानलें जातें. नियमानें सत्र चालू असतांना आठवड्यास वीसच तास काम करतां येतें. एप्रिल २०२६ पासून एकवीस वर्षांवरील माणसास तासाची किमान मजुरी १२.७१ पौंड आहे. म्हणजे आठवड्यास सुमारें २५४ पौंड. तीस आठवडे एकही खाडा न होतां काम मिळालें तरी साडेसात हजारांच्या आसपास. पंचवीस हजारांच्या फीचा हा तिसरा हिस्साही नव्हे, आणि काम मिळेलच याची हमी कोणी देत नाहीं. मिळालें तर त्यांतून भाजी, बसभाडें व पुस्तकें निघतील. त्याहून अधिक हिशेबांत धरणें म्हणजे न पिकलेल्या कापसावर उचल घेण्यासारखें आहे.

पदवीनंतर तेथें राहून नोकरी शोधण्याची मुदतही पूर्वीची दोन वर्षें राहणार नाहीं; १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एम. ए., एम. एस्‌सी. झालेल्यांस ती अठरा महिनेच मिळेल. तसेंच जानेवारी २०२४ पासून अशा अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यास पत्नी, पति किंवा मुलें बरोबर नेतां येत नाहींत. निघण्यापूर्वीं घाईनें लग्न उरकून देण्याचा बेत ज्या घरीं असेल, त्यांनीं नव्या सुनेस वर्षभर कोठें व कशी ठेवणार, हा विचार आधीं करावा.

साहाय्याच्या वाटा आहेत, त्या शोधाव्या. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ति संपूर्ण खर्च देते, पण तीस दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. जमशेटजी टाटांनीं १८९२ सालीं स्थापिलेला निधि परदेशीं शिकणाऱ्यांस शिष्यवृत्तिरूप कर्ज देतो. त्याच्या पहिल्या लाभार्थ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, हें आमच्या भगिनींनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

तात्पर्य, जाण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकदां बसून कागदावर लिहावें : फी कोठून, निर्वाह कोठून, कर्ज किती, आणि मुलास वर्षभर तेथें एक पौंडही मिळाला नाहीं व परत येऊन येथेंच नोकरी धरावी लागली, तरी हप्ता कोण भरील. या शेवटल्या प्रश्नाचें उत्तर घर किंवा शेत विकल्यावांचून देतां येत असेल, तर मुलीस अगर मुलास निर्भयपणें पाठवावें. येत नसेल तर दोन वर्षें येथें नोकरी करून, अनुभव व थोडी शिल्लक जमवून मग जावें. तेवढ्या अवधींत चेव्हनिंगची अटही पुरी होते, आणि शेफील्डचें विद्यापीठ कांहीं जागचें हालत नाहीं.