घटस्फोटाच्या वादात मूल परदेशी नेले जाण्याआधी काय करावे?

आपल्या भिंगारमधली मुलेमुलीही आता नोकरीसाठी दुबई, जर्मनी, अमेरिकेला जातात. नवरा-बायकोचे बिनसते, घटस्फोटाची बोलणी सुरू होतात आणि एक दिवस दोघांपैकी एकजण मुलाला घेऊन विमानात बसतो. मागे राहिलेले आई किंवा वडील आधी विहारात, ओळखीच्या कार्यकर्त्याकडे धाव घेतात. म्हणून हा विषय आपल्याला नीट माहीत असायला हवा.

अनेकांना वाटते, पोलिसांत अपहरणाचा गुन्हा नोंदवला की काम झाले. तसे नाही. आई-वडील दोघेही मुलाचे पालकच असतात. ताब्याबाबत न्यायालयाचा मनाई आदेश नसताना वडिलांनी स्वतःचे मूल नेले, तर तो अपहरणाचा गुन्हा ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2023 मध्ये स्पष्ट केले. म्हणजे सगळी मदार न्यायालयाच्या आदेशावर आहे.

जगात यासाठी 1980 चा हेग करार आहे. 16 वर्षांखालील मूल बेकायदा दुसऱ्या देशात नेले, तर त्याला आधीच्या देशात लवकर परत पाठवायचे आणि ताब्याचा निर्णय तिथल्या न्यायालयाने करायचा, हे त्याचे सूत्र. शंभराहून अधिक देश त्यात आहेत. भारत नाही, संयुक्त अरब अमिरातीही नाही. सप्टेंबर 2016 मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधून एका दोन वर्षांच्या मुलीला जबरदस्तीने उचलून वडिलांकडे मुंबईला आणले गेले. नेदरलँड्स करारात, भारत बाहेर. त्यामुळे आईला कराराचा आधार मिळाला नाही.

विधी आयोगाने 2009 मध्ये भारताने करारात सामील व्हावे अशी शिफारस केली होती. 2016 मध्ये कायद्याचा मसुदाही तयार झाला. पण त्याला विरोध झाला आणि त्यामागे खरी काळजी होती. परदेशात मारहाण सोसणारी बाई लेकराला घेऊन माहेरी पळून येते. तिला आरोपी ठरवून परत पाठवायचे का? करारात मुलाला गंभीर धोका असल्यास अपवाद आहे, पण परक्या देशात तो सिद्ध करणे सोपे नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले की, परदेशी न्यायालयाचा आदेश विचारात घ्यावा, पण मुलाचे हित सर्वांत वर.

आपल्या समाजाला हिंदू विवाह कायदा 1955 आणि अज्ञान व पालकत्व कायदा 1956 लागू होतात. दोन्हींत बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. बैठकीत स्टॅम्प पेपरवर लिहिलेली फारकत किंवा ‘मूल आईकडे राहील’ असे नोटरीचे कागद म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. पासपोर्ट कार्यालय किंवा विमानतळावर अशा कागदाच्या भरवशावर राहू नये.

मग करायचे काय?

1. शंका येताच वकिलामार्फत कौटुंबिक किंवा जिल्हा न्यायालयात ताब्याचा अर्ज करा. परवानगीशिवाय मूल देशाबाहेर नेऊ नये आणि त्याचा पासपोर्ट न्यायालयात जमा करावा, असा अंतरिम आदेश मागा.

2. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठी सर्वसाधारणपणे दोन्ही पालकांची संमती लागते. न वाचता सही करू नका. वाद असेल तर पासपोर्ट कार्यालयाला लेखी कळवा, आदेशाची प्रत जोडा. आपला जिल्हा पुणे कार्यालयाकडे येतो.

3. न्यायालयाचा आदेश पोलिसांना द्या. इमिग्रेशनला लुकआउट सर्क्युलर जारी करण्याचा निर्देशही न्यायालयाकडे मागता येतो.

4. जन्मदाखला, पासपोर्ट क्रमांक, शाळेचे कागद, ताजा फोटो, मोबाईलवरचे मेसेज जपून ठेवा.

5. मूल लपवले असेल, पण देशातच असेल, तर औरंगाबाद खंडपीठात हेबियस कॉर्पस याचिका करता येते.

6. परदेशात हिंसा सोसणाऱ्या बहिणीने तिथल्या पोलिसांत तक्रार, डॉक्टरांचे कागद आणि भारतीय दूतावासाकडे नोंद करून ठेवावी. शक्य असेल तर तिथल्या न्यायालयाची परवानगी घेऊनच मूल आणावे. जीव धोक्यात असेल तर आधी स्वतःला आणि मुलाला वाचवावे.

कार्यकर्ता म्हणून आपण सहसा आपल्या नात्यातल्या, आपल्या गल्लीतल्या माणसाची बाजू घेतो. मूल मात्र दोघांचे असते. एकाला हरवण्यासाठी दुसऱ्याने लेकराला आई किंवा बापापासून तोडायचे, यात आपण मदतनीस होता कामा नये. घरात भांडण पेटलेले दिसले की समेटाचा प्रयत्न जरूर करू, पण त्याच आठवड्यात त्यांना वकिलाकडेही नेऊ. विमान सुटल्यावर आपल्या हातात फार थोडे उरते.